चिंध्यामोहाचा फॅनबेल्ट

१

शिवलाल बिसेनने उभ्या जन्मात गाडी मेकॅनिककडे नेली नव्हती आणि ही गोष्ट तो कुणी न विचारताही सांगत असे. सौंदडजवळ त्याचं गाव. गावात कुणाची मोटर बसो, फवारणीचा पंप रुसो, नाहीतर देवळाचा भोंगा ऐन आरतीत गप्प होवो, शिवलाल हजर. तार, सुतळी, सायकलची जुनी ट्यूब आणि साबणाची वडी एवढं हाताशी असलं की जगातली कुठलीही वस्तू चालू होते, असं त्याचं ठाम मत होतं. चालू झालेली वस्तू पुढे किती वेळ चालते, याबद्दल त्याला मत नव्हतं.

त्याची जीप कुठल्याशा खात्याच्या लिलावातली होती. तिचं डावं दार सुतळीनं बंद होई. हॉर्न वाजवायचा तर दोन तारा एकमेकींना टेकवाव्या लागत आणि डिझेलच्या टाकीला बूच म्हणून दाणे काढलेलं मक्याचं कणीस ठोकलेलं होतं. मागच्या भागावर ताडपत्रीचं हूड होतं, त्याला मागून एक फाटका पडदा. धान, खत, वऱ्हाडी, शेळ्या, जे मिळेल ते त्या पडद्याआड बसून जात असे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी त्याची बायको दुर्गेश्वरी माहेरी निघून गेली होती. कारण सांगायला शिवलालला लाज वाटे. दुर्गेश्वरीचं म्हणणं असं, की संध्याकाळी दिवा लावून ती धानाच्या खोलीकडे जाते तेव्हा तिच्या मागे कुणीतरी चालत येतं. ती थांबली की तेही थांबतं, पण लगेच नाही. आधी एक पाऊल टाकतं आणि मग थांबतं.

"उंदीर असंल," शिवलाल म्हणाला होता.

"उंदीर दोन पायावर चालते काजी?"

"म्हातारा झाला असंल. काठी टेकत असंल."

तिथवर ठीक होतं. पण एकदा पाहुणे जेवायला बसले असताना दुर्गेश्वरी वाढायला निघाली आणि शिवलाल पातेल्याचं झाकण वाजवत तिच्या मागे मागे चालू लागला, दर वेळी एक पाऊल उशिरा. पाहुण्यांना हसून हसून ठसका लागला. दुर्गेश्वरीही हसली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती चिचगडकडच्या जंगलातल्या आपल्या माहेरी गेली आणि परत यायचं नाव काढीना.

मुलगा खुमेंद्र नागपूरला शिकायला. घरात शिवलाल एकटा. धान कापून झालं, चुरून-मळून झालं, कोठीत जाऊन पडलं, पण दोन वेळचं पिठलं करून खाताना शिवलालला घर खायला उठे. पातेल्याचं ते झाकण त्यानं माळ्यावर फेकून दिलं होतं. शेवटी पौषातल्या एका सकाळी त्यानं नवा शर्ट घातला, जीपला हँडल मारलं आणि तो सासुरवाडीला गेला.

दुर्गेश्वरी यायला तयार झाली. इतक्या सहज, की शिवलालला ती आपल्या नव्या शर्टाची करामत वाटली.

"मले आता बरं वाटते," ती म्हणाली. "पन दोन गोष्टी सांगून ठेवते. त्या घरात अंधारात पाय टाकनार नाही. दिवेलागनीच्या आत पोचवाल तं येईन. आन् वाटेत तुमची गाडी बसली, तं भेटंल त्या एसटीनं मायकडे वापस. मंग बलवाले येऊ नका."

ती रागावली की घरात आपल्या पोवारी बोलीत बोले. आता ती अगदी शांतपणे मराठीत बोलत होती. म्हणजे प्रकरण रागाच्या पुढे गेलेलं होतं, हे शिवलाल ओळखून होता.

२

सासूनं तांदळाचं पोतं आणि दोन कोहळी मागे टाकली. दुर्गेश्वरी पुढे बसली. अंगावर तिची ती हिरवी, पिवळ्या काठाची साडी होती. पदराचं टोक कुठेतरी फाटलेलं होतं आणि तिनं ते दुमडून शिवलं होतं. शिवलालला यातलं काहीच दिसलं नाही. ही साडी गोंदियाच्या बाजारातून त्यानंच आणलेली होती, पण इंजिनातला प्रत्येक नट नजरेनं ओळखणारा हा माणूस बायकोच्या साड्यांच्या बाबतीत ठार आंधळा होता.

ऊन छान होतं. शिवलाल आनंदात होता. साग, ऐन, मोह मागे पडत होते, आणि शिवलाल सासूच्या कोहळ्यांची तारीफ करत होता. इतक्यात बॉनेटखाली चापट मारल्यासारखा आवाज झाला आणि थोड्या वेळानं पुढून वाफ यायला लागली.

दुर्गेश्वरीनं समोर बघत विचारलं, "बसली?"

"बसली नाही व. थांबली."

"काऊन थांबली?"

"दम घेऊन राहिली."

त्यानं बॉनेट उघडलं. फॅनबेल्ट तुटून इंजिनाच्या पोटात लोंबत होता. पट्टा नाही म्हणजे पंखा नाही, पाण्याचा पंप नाही, आणि इंजिन तापून लाल. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. शिवलालच्या चेहऱ्यावर मात्र शाळेत हात वर करणाऱ्या पोराचं तेज आलं. त्यानं गळ्यातला दुपट्टा काढला, पिळला, पंख्याच्या चाकांवरून गुंडाळून गाठ मारली आणि इंजिन सुरू केलं. दुपट्ट्यानं दोन-चार फेऱ्या मारल्या, धूर काढला आणि त्याचे तुकडे रस्त्यावर येऊन पडले.

"तुह्या पिशवीत मायनं देलेलं लुगडं आहे ना..." शिवलालनं सुरुवात केली.

"माह्या मायचं नवं लुगडं तुमच्या इंजनाले?" दुर्गेश्वरीनं पिशवी मांडीवर ओढली. "एसटी कधी आहे इथून?"

"होते व दुरुस्त! तू फकत नाल्यावरून डब्बाभर पानी आन. तवर म्या करतो."

ती डबा घेऊन उताराला लागली. ती परत यायच्या आत काहीतरी करायलाच हवं होतं. शिवलालनं कंबरेवर हात ठेवून इकडे तिकडे पाहिलं, आणि मागे टाकलेल्या वळणावर त्याला चिंध्यामोह दिसला.

३

चिंध्यामोह त्या रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. रस्त्याच्या वळणावर एक मोठा मोह आहे आणि त्याला खालपासून हात पोचेल तिथवर चिंध्या बांधलेल्या आहेत. जंगलातून येताना, घरातून निघताना, कुठेही, आपल्या मागे कुणी लागलंय असं वाटलं तर तिथे थांबायचं. अंगावरच्या कपड्याची पट्टी फाडायची, झाडाला गाठ मारायची, "इथंच बस" म्हणायचं आणि मागे न पाहता निघायचं. एसटीचा ड्रायव्हरसुद्धा कुणी सांगितलं तर तिथे गाडी उभी करतो आणि कशाला म्हणून विचारत नाही.

शिवलालला हे लहानपणापासून माहीत होतं. त्याच्या मते हा शुद्ध येडेपणा होता आणि त्याहून मोठा दोष म्हणजे चांगल्या कपड्याची नासाडी. आता तर त्याला समोर झाड दिसतच नव्हतं. दिसत होता तो नुसता फॅनबेल्ट, सुटा करून ठेवलेला.

तो गाठी सोडवायला लागला. चाकू खिशात होता, पण गाठ कापायची सवय शेतकऱ्याच्या हाताला नसते. पोत्याची सुतळीसुद्धा तो सोडवून, गुंडाळून खुंटीला लावतो. शिवाय पट्टी जितकी लांब तितकी बरी. शिवलालनं एकही गाठ कापली नाही.

गाठी फार सोप्या सुटत होत्या, एवढंच त्याला जरा नवल वाटलं. किती पावसाळे खाल्लेल्या त्या चिंध्या. गाठी दगड व्हायला हव्या होत्या. पण बोट लावलं की गाठ सैल होई, आतून कुणी हात घालून मदत करावी तशी. निळी सुटली, लाल सुटली, कुणाच्या धोतराची किनार सुटली, लहान मुलाच्या झबल्याचं फुलाफुलांचं कापड सुटलं. एकच हिरवी पट्टी हट्टी निघाली. ती नवी होती आणि बांधणारीनं जीव खाऊन गाठ मारलेली होती. शिवलालनं ती दातांनी सोडवली.

ती सुटली तेव्हा झाडावर कावकाव करणारे कावळे गप्प झाले. शिवलालला तेवढंच बरं वाटलं.

त्यानं सगळ्या पट्ट्यांची घट्ट वेणी वळली, साबण चोळला, चाकांवर चढवून गाठ मारली. दुर्गेश्वरी पाणी घेऊन आली.

"हे फडके कोठचे?"

"सीटखाली पडले होते."

रेडिएटरमध्ये पाणी ओतून त्यानं हँडल मारलं. जीप पहिल्या हँडलला सुरू झाली. लिलावातून आणल्यापासून ती पहिल्या हँडलला कधीच सुरू झालेली नव्हती. शिवलालला आनंद व्हायला हवा होता. पण तो हातात हँडल धरून क्षणभर तसाच उभा राहिला, कारण त्याला थोडी भीती वाटली.

४

निघाल्यावर त्याच्या लक्षात आलं की गाडी मागे बसली आहे. पुढचं तोंड वर, स्टेअरिंग हलकं. बाजाराच्या दिवशी मागे खच्चून माणसं भरली की व्हायचं, अगदी तसं.

"मांगं कायचं वजन आहे?" दुर्गेश्वरीनं विचारलं.

"तुह्या मायचं कोहळं."

"कोहळे दोनच आहेत जी."

"जातवान आहेत."

चढावर जीप दुसऱ्या गियरमध्ये कण्हायला लागली. शिवलालनं मनातल्या मनात कारणं लावली. मागच्या स्प्रिंगचा पाटा बसला असेल. रस्ताच तिरका असेल. सासूनं मापात उदारपणा केला असेल. आरशात पाहावं म्हटलं, तर आरसा त्यानंच काढून खुमेंद्रच्या दाढीसाठी घरात लावलेला होता.

देवरीला भैय्यालालच्या टपरीवर त्यानं गाडी थांबवली. इंजिनाला विसावा द्यायचा होता, आणि बायकोसमोर चहा प्यायला की माणूस बेफिकीर दिसतो. भैय्यालाल टपरीच्या आतूनच ओरडला, "आज सवारी भरके आनली काय, बिसेनजी?" त्यानं या दोघांच्या हातात कप दिले आणि मग भरलेल्या ग्लासांची जाळी उचलून तो जीपच्या मागे गेला.

"अरे, ते कोणाले?" शिवलालनं विचारलं.

"मांगच्या बाईलोगायले. पडद्याआड कुजबुज करून राहिल्या. लाजतेत वाटते." त्यानं पडदा थोडा बाजूला करून जाळी आत सरकवली आणि गिऱ्हाईक बोलावतंय म्हणून घाईनं परत आला.

शिवलाल मोठ्यानं हसला. दुर्गेश्वरी हसली नाही. ती कप धरून जीपच्या मागच्या बाजूकडे बघत होती.

थोड्या वेळानं भैय्यालाल जाळी आणायला गेला आणि तोंड वाकडं करून आला. "कोनी पेलाच नाही! आन् देखो, ठंडा. आत्ता उतरवला चुलीवरून, आत्ता ठंडा." त्यानं एक ग्लास शिवलालच्या गालाला लावला. काच हिवाळ्यातल्या पहाटेच्या लोखंडासारखी गार होती. भैय्यालालनं सगळे ग्लास गटारात ओतले आणि पुन्हा जीपकडे मान वळवून पाहिलं नाही.

"याले चष्मा लागला पायजे," शिवलाल गाडीत बसताना म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच जरा मोठा वाटला.

५

हायवेवर त्याच्या ओळखीचा शालीकराम उभा होता. सौंदडला जायचं होतं, हातात पिशवी. शिवलालनं उत्साहानं गाडी थांबवली. मागे कुणीतरी जिवंत, बोलका माणूस बसावा, असं त्याला देवरीपासून वाटत होतं.

"बस गा मांगं! खाली आहे सब."

शालीकराम मागे गेला. पडदा सरकल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. मग तो पुढे आला. त्याचा चेहरा चांगला होता, फक्त तो शिवलालकडे न बघता टायरकडे बघत होता.

"राहू द्या काकाजी. जागा कोठी आहे? मांडीवर बसाव लागंल कोनाच्या." त्यानं पिशवी बगलेत घेतली. "आन् मांडीवर बसाले म्या काही लहान नाही." आणि तो देवरीच्याच दिशेनं चालायला लागला, म्हणजे त्याला जायचं होतं त्याच्या बरोबर उलट.

शिवलालनं गियर टाकला. 

पुढे एक फाटा आला, आतल्या कुठल्याशा गावाला जाणारा. फाट्याशी आल्याबरोबर इंजिनानं उचकी दिली. बॉनेटखाली टक्क झालं. मागून पाटा करकरला आणि गाडी मागच्या बाजूनं किंचित वर आली, कुणी पायरीवरून उतरावं तशी. शिवलालनं उतरून बॉनेट उघडलं. वेणी फिरत होती, फक्त तिच्यातली निळी पट्टी तुटून लोंबत होती. त्यानं ती ओढून काढली, खिशात घातली आणि गाडी पुढे काढली. आता ती थोडी हलकी चालत होती.

दुसऱ्या फाट्याला लाल तुटली. गाडी आणखी वर आली.

"पाहा, सुधरून राहिली," शिवलाल म्हणाला. "पाटे मोकळे होऊन राहिले."

त्यानंतरच्या फाट्याला धोतराची किनार तुटली. मधल्या रस्त्याला, खड्ड्यात, चढावर, कुठेही काही तुटत नव्हतं. फाटा आला की टक्क. हा हिशेब शिवलालच्या डोक्यात आपोआप बसला.  त्यानं पाय दाबला.

झबल्याची फुलाफुलांची पट्टी तुटली त्या फाट्यावर तर रस्त्याच्या कडेला शेळ्या होत्या. गाडी वर आली आणि त्याच क्षणी शेळ्यांनी मधोमध वाट करून दिली. त्या वाटेनं कुणीच गेलं नाही. पण शेळ्यांच्या माना हळूहळू वळत गेल्या.

दुर्गेश्वरीनं आता त्याच्याकडे सरळ वळून पाहिलं. "अजी. ते फडके कोठचे होते?"

"सांगतलं ना. सीटखालचे."

"सीटखाली बायकायच्या साड्यायचे तुकडे काऊन होते?"

शिवलाल अडकला. एकीकडे चिंध्यामोह, दुसरीकडे सीटखालच्या बायका. नवरा म्हणून इतकी वर्षं काढलेला कुठलाही माणूस अशा वेळी भुतंच पत्करेल. त्यानं सगळं खरं सांगून टाकलं. झाड, गाठी, साबण, सगळं.

त्याला वाटलं, ती आता ओरडेल, उतरून एसटीला हात करेल. पण दुर्गेश्वरीनं एकच विचारलं.

"कापल्या का सोडल्या?"

"सोडल्या. मी कायले कापू?"

"मोकळे केले तुमी. उतरून राहिले मंग," ती म्हणाली. "ज्याचं तो आपल्या गावाले जाऊन राहिला. ज्यायनं बांधलं होतं, त्यायच्या घरी." तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. "तुमाले काही कळते काजी? किती घरायचं सुख गेलं आज?"

"वापस फिरवू?"

"फिरवून कोनाले हुडकाल? उतरले ते."

शिवलालला खरोखर वाईट वाटलं.  झबल्याच्या कापडाची पट्टी तुटली होती तो फाटा त्याला आठवला, आणि त्या गावात आता कुणाच्या घरी लहान मूल झोपेतून दचकून उठेल, हा विचार त्याला सहन होईना. पण माणसाचं मन आपल्या घराकडेच धावतं. जरा पुढे गेल्यावर तो चाचरत म्हणाला, "पन आपल्याले तं काही नाही ना? शेवटचा उतरला का गाडी खाली."

दुर्गेश्वरीनं विचार केला. "आपल्याले काही नाही," ती म्हणाली. मग पिशवीतून आईनं दिलेला तिळाचा लाडू काढून तिनं अर्धा त्याला दिला. घरातून गेल्यापासून तिनं त्याला काही खायला दिलं नव्हतं. तेवढ्या अर्ध्या लाडवानं शिवलालच्या डोळ्यांत पाणी आलं. रस्त्यावर नजर ठेवून त्यानं तो खाल्ला.

६

कोहमारा गेलं तेव्हा गाडी जवळजवळ मोकळी झाली होती. सौंदडच्या फाट्याला शिवलालनं मुद्दाम गाडी हळू केली. कान बॉनेटकडे लावले. टक्क झालं नाही.

"तुटली असंल मांगंच," तो म्हणाला.

गावच्या रस्त्याला वळल्यावरही गाडीची मागची एक बाजू दबलेलीच होती. डावी बाजू, दुर्गेश्वरीच्या सीटच्या नेमकी मागची. शिवलालनं ते पाहिलं. दुर्गेश्वरीनं पाहिलं की नाही, कोण जाणे, पण ती सीटवरून हळूहळू पुढे सरकत आली होती आणि आता तिचे गुडघे समोरच्या पत्र्याला लागले होते. बांधांवरून माणसं घरी परतत होती. उजेड अजून होता. शिवलालनं वचन पाळलं होतं.

जीप अंगणात शिरली आणि तुळशीपाशी आपोआप बंद पडली.

"पाय, दिवेलागनीच्या आत!" शिवलाल म्हणाला. त्याला शाबासकी हवी होती. दुर्गेश्वरीनं नुसतं बॉनेटकडे बोट दाखवलं.

त्यानं बॉनेट उघडलं. चाकांवर एकच पट्टी उरली होती. सगळा शेवटचा रस्ता तिनं एकटीनं ओढला होता. साबणानं, तेलानं काळी पडली होती, तरी कडेचा पिवळा काठ दिसत होता.

दुर्गेश्वरीनं आपल्या पदराचं शिवलेलं टोक हातात घेतलं आणि त्या पट्टीशेजारी धरलं.

शिवलालला आयुष्यात पहिल्यांदा बायकोची साडी ओळखू आली.

"गेली तवा चिंध्यामोहापाशी एसटी थांबवली होती म्या," दुर्गेश्वरी म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "माह्या मांगं एसटीतबी चढलं होतं ते. मांगच्या सीटवर बसलं होतं. तेथं बांधलं. 'इथंच बस' म्हनलं. मांगं नाही पाहिलं. तवापासून काही नव्हतं जी. मायकडे एक डाव पाऊल नाही वाजलं. म्हनून तं आली म्या."

"मले कायले नाही सांगतलं?"

"तुमी झाकन वाजवलं असतं."

हे तारेनं, सुतळीनं जोडता येण्यातलं नव्हतं.  त्यानं ज्या घरासाठी दुपारपासून धडपड केली होती, त्या घरात तो दातांनी गाठ सोडवून तेच घेऊन आला होता. त्यानं बॉनेट हळूच खाली टेकवलं.

"चुकलो व म्या," तो म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून गावातल्या कुठल्याही मोटरीनं कधी ऐकले नव्हते.

 दुर्गेश्वरी ओसरीवर चढली, कडी काढली, आत जाऊन दिवा लावून आली. उंबऱ्यात उभी राहून तिनं कान दिला. मग तिच्या कपाळावरची आठी सैल झाली.

"माह्या मांगं काही नाही," ती आश्चर्यानं म्हणाली.

त्याच वेळी जीपचा मागचा पाटा सावकाश करकरला आणि डावी बाजू वर आली.

७

अंगण काही मोठं नाही. जीपपासून ओसरीपर्यंत शिवलाल रोज डोळे मिटून जाई. आज त्यानं पहिलं पाऊल टाकलं आणि त्याला आपल्या चपलेचा आवाज आला. मग दुसरं टाकलं. तिसरं टाकून तो थांबला.

मागे एक पाऊल वाजलं. मग तेही थांबलं.

शिवलालनं मनाशी म्हटलं, चपलेचा अंगठा तुटला असेल, टाच आपटत असेल. त्यानं चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी चालू लागला. शेणानं सारवलेल्या अंगणात त्याच्या पायांचा आवाज आला नाही. मागच्या पायांचा आला.

ती हिरवी गाठ दुर्गेश्वरीनं सोडली नव्हती. बाकीच्या नुसत्या बोटाला सुटल्या होत्या; ही त्यानं सोडवली होती, दातांनी, स्वतःच्या. हे त्याला तिथे तुळशीपाशी एकदम समजलं. 

"खुमेंद्रची माय," तो कसाबसा म्हणाला, "माह्या मांगं..."

दुर्गेश्वरी दिवा हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. हातात चपला, तोंडावर डिझेल, नवा शर्ट. दिवाळीपासून जे आत दाबून ठेवलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर आलं आणि तिचे ओठ हलले.

"उंदीर असंल," ती म्हणाली.

आणि ती हसली. चांगली पोटभर हसली, दिव्याची वात हलेपर्यंत. शिवलालही हसायला लागला, कारण बायको या घरात उभी राहून हसत होती आणि त्याला दुसरं काही नको होतं.

हसता हसता तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली.

तिचं हसू मावळलं. तिनं दिवा थोडा वर धरला, मग पटकन खाली घेतला, जे दिसलं ते पुन्हा दिसू नये म्हणून. तिनं दुसरा हात पुढे केला.

"अजी," ती म्हणाली, "हात द्या. हळू या. मांगं नका पाहू."

"काय आहे व?"

"हात द्या म्हनते ना."

चपला खाली टाकून शिवलालनं हात दिला. तिनं तो घट्ट धरला आणि सोडला नाही. मोकळ्या राहिलेल्या हातानं त्यानं शर्टाचं टोक पकडलं, दातांत धरलं आणि चिंध्यामोहाला बांधतात तशी पट्टी फाडायला ओढलं. मागे अगदी जवळ एक पाऊल वाजलं. त्यानं पुन्हा जीव खाऊन ओढलं. पण बायकोला आणायला जायचं म्हणून त्यानं शर्ट नवाकोरा घातला होता आणि तो काही केल्या फाटेना.